मागायची लाज वाटते, ताई

ताई,

आम्ही सहा जण आहोत, सगळे विशी-पंचविशीतले. चार वर्षं हवामानबदलावर काम करतोय. शाळांमधून सत्रं घेतो, नदीच्या पातळीच्या नोंदी ठेवतो. पुरात दोनदा घरं गेलेल्या एका वस्तीतल्या बायकांच्या 140 मुलाखतीही घेतल्या आहेत. यंदा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला, म्हणजे कॉपला, सहाही जणांनी जायचं ठरवलं आणि लोकवर्गणी सुरू केली. तीन महिन्यांत जेमतेम एक तृतीयांश रक्कम जमली. आता एका कोळसा कंपनीने उरलेले सगळे पैसे देऊ केलेत. अट एकच, आमच्या टी-शर्टवर त्यांचं नाव. गटात तीन विरुद्ध तीन झालेत. शिवाय एका संस्थेचा मेल आलाय की शुल्क भरा, 'युवा प्रतिनिधी' म्हणून तुमची जागा पक्की करतो. ओळखीचे लोक विचारतात, विमानाने जाऊन हवामान वाचवणार का? एक काका तर म्हणाले, फिरायला जायचंय तर स्वतःच्या पैशाने जा. मी गटाची खजिनदार. रोज पाच जणांना फोन करायचा असं ठरलंय. मी फोन हातात घेऊन तासभर बसते आणि ठेवून देते. आमचं पत्रक सोबत जोडलंय. काय करू?

एक खजिनदार

प्रिय खजिनदार,

फोन हातात घेऊन तासभर बसते आणि ठेवून देते, हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. बाकीचे प्रश्न हिशेबाचे आहेत, ते सुटतील. हा तसा नाही, म्हणून आधी याच्यापाशी थांबू.

तुमचं पत्रक वाचलं. पहिल्या ओळीत 'आमचं स्वप्न', दुसऱ्या ओळीत 'आयुष्यात एकदाच मिळणारी संधी', तिसऱ्या ओळीत विमानाचं भाडं. त्या 140 मुलाखती कुठे आहेत? मागच्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका ओळीत. तुला लाज वाटते ती मागण्याची नाही गं, तुझ्या हातात जे पत्रक दिलंय त्याची वाटते. स्वतःच्या स्वप्नासाठी दुसऱ्याच्या खिशात हात घालायला कुणाही भल्या माणसाची जीभ अडखळेल. तुझी अडखळते याचं मला बरंच वाटलं.

आता ते पत्रक उलटं कर. दोनदा घर गेलेल्या बायकांचं म्हणणं पहिल्या ओळीत आण. ते कुणापर्यंत पोचवायचं आहे, तिथे कुठल्या विषयावर बोलणी चालू आहेत, आणि त्यासाठी दोन माणसं (हो, दोनच, का ते पुढे सांगते) दोन आठवडे तिथे का असायला हवीत, हे त्याच्या खाली. भाडं सगळ्यात शेवटी. हे पत्रक घेऊन फोन केलास तर तू स्वतःसाठी काही मागत नसशील. त्या बायकांचा निरोप पोचवायला हातभार लावा, एवढंच म्हणत असशील.

1992 साली रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत सेव्हर्न सुझुकी नावाची बारा वर्षांची कॅनडातली मुलगी बोलायला उभी राहिली. ती आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्या बारा-तेरा वर्षांच्या, स्वतः पैसे जमवून तिथवर आल्या होत्या. हे तिने भाषणात सुरुवातीलाच सांगून टाकलं: आम्ही मुलींनी आमचे आम्ही पैसे उभे केले आणि हजारो मैल आलो, तुम्हा मोठ्यांना सांगायला की तुम्ही बदललं पाहिजे. सगळं भाषण सहा-सात मिनिटांचं. पैसे जमवल्याची गोष्ट तिने लपवली तर नाहीच, उलट तिच्या बोलण्याला वजन आलं ते त्यामुळेच. ज्याला सरकारने पाठवलेलं नाही आणि कंपनीनेही पाठवलेलं नाही, तो मोकळेपणाने बोलू शकतो. तुमच्या वर्गणीचा खरा उपयोग हा आहे, आणि कोळसा कंपनीचं उत्तरही यातच आलं, पण त्याकडे मी पुढे येते.

आधी माझं एक सांगते. तुझ्याएवढी असताना आमच्या गटानेही एका परिषदेसाठी अशीच वर्गणी काढली होती आणि वही माझ्याकडे होती. ज्या इमारतीत आम्ही जमायचो तिथले जिने झाडणाऱ्या एक बाई होत्या. एका संध्याकाळी त्यांनी घड्या घालून घालून मऊ पडलेली एक नोट माझ्या हातात ठेवली. मी वहीत नाव लिहीत असताना त्यांनी विचारलं, "तिथं काय झालं ते सांगायला येशील ना?" मी हो म्हटलं आणि विसरू नये म्हणून त्यांच्या नावापुढे पेन्सिलने छोटी फुली मारली. परिषद झाली. परत आले, थकलेली होते, मग परीक्षा आल्या, मग नोकरी. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. पुढे खूप महिन्यांनी गेले तेव्हा त्या तिथलं काम सोडून गेल्या होत्या, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. फुलीही आहे.

म्हणून सांगते, वर्गणीत माणूस नोट देतो आणि बदल्यात काहीतरी मागतो. टी-शर्ट, आभाराचं पत्र यांतलं काही त्याला नको असतं. तिथे काय झालं ते ऐकायचं असतं. हे देणं तुम्ही आधीच कबूल केलंत तर फोन करताना तुझा आवाज आपोआप सरळ होईल.

आता दाराचा प्रश्न. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आत जायचा बॅज कोण देणार आहे? कॉपच्या मुख्य जागेत, ज्याला निळा विभाग म्हणतात, तिथे एकट्या माणसाला नोंदणी करता येत नाही. देशांच्या शिष्टमंडळातून जाता येतं, पत्रकार म्हणून जाता येतं, नाहीतर संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या सचिवालयाने निरीक्षक म्हणून मान्यता दिलेल्या संस्थेने तुमचं नाव पुढे केलं तर जाता येतं. प्रत्येक संस्थेला ठरावीक बॅज मिळतात, मागितले त्याहून कमीच. नावं परिषदेच्या काही महिने आधी द्यावी लागतात. नव्या संस्थेला मान्यता मिळायला फार वेळ जातो, त्यामुळे यंदापुरता तो विचार सोडा. काही विद्यापीठं, संशोधन संस्था किंवा पर्यावरण संस्था, ज्यांना आधीच मान्यता आहे, त्यांना आजच लिहा. पत्रात 'आम्हाला बॅज द्या' असं लिहू नका. 'आमच्याकडे 140 मुलाखती आहेत, तुमच्या कामाला त्या कशा उपयोगी पडतील ते असं असं' म्हणून लिहा. काही संस्था एकच बॅज पहिल्या आठवड्यात एकाला आणि दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्याला देतात. त्याचीही विचारणा करा.

तरुण संघटनांचा तिथे यंगो नावाचा मान्यताप्राप्त गट आहे. 2009 मध्ये त्याला तात्पुरती आणि पुढे 2011 मध्ये पक्की मान्यता मिळाली. परिषदेच्या काळात रोज सकाळी त्यांची बैठक होते, आणि मोठ्या सभेत तरुणांच्या वतीने बोलायला जी दोन-एक मिनिटं मिळतात ती त्यांच्यामार्फत. त्यांच्या विषयवार गटांमध्ये घरबसल्या ऑनलाइन सामील होता येतं. तुम्ही आजवर झाला नसाल तर पैशाच्या आधी ते करा. तिथे पोचून पहिल्या दिवशी ओळखी करायला निघालात तर दोन आठवडे चालण्यातच जातील.

बॅज हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. 2009 साली कोपनहेगनच्या परिषदेत सभागृहाची क्षमता होती साधारण 15 हजारांची आणि नोंदणी झाली होती 45 हजारांच्या घरात. बॅज मिळायचा असलेली माणसंही कडाक्याच्या थंडीत तासन्तास रांगेत उभी राहिली, आणि दुसऱ्या आठवड्यात तर निरीक्षकांपैकी बहुतेकांना बाहेरच थांबावं लागलं. ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हता त्यांची गोष्टच नको.

त्या मेलबद्दल. पैसे भरू नका, उत्तरही देऊ नका. हवामान सचिवालय बॅजसाठी एक छदामही घेत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या नावाने नोंदणी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहायला संयुक्त राष्ट्रंच वारंवार सांगत असतात. 'जागा पक्की', 'प्रमाणपत्र मिळेल', 'हॉटेल आमच्याचकडून बुक करा' ही सगळी ओळखीची लक्षणं आहेत. एखादी खरी संस्था प्रवासखर्चाचा वाटा मागू शकते, पण मग ती कोण, तिची मान्यता सचिवालयाच्या यादीत आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येतं. ती यादी जाहीर असते.

सहा जणांनी जायचं हा तुमचा निर्णय मला पटलेला नाही, आणि हे मी मऊ शब्दांत सांगणार नाही. दोघांनी जा. आजवर जमलेल्या एक तृतीयांशात नेमका दोघांचा खर्च निघतो. म्हणजे ज्याला तू अपयश समजून रात्री जागतेस, ते दोघांच्या हिशेबाने यश आहे. उरलेले चौघं मागे राहून काय करतील ते पुढे सांगते, ते दुय्यम काम नाही.

कोण दोघं? तुमच्यात जो इंग्रजी फाडफाड बोलतो त्याचंच नाव पहिलं पुढे येईल. जरा थांबा. मोठ्या सभांमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात, पण मसुद्याची खरी घासाघीस ज्या छोट्या खोल्यांत चालते तिथे सगळं इंग्रजीत, आणि तेही कंसांच्या आणि स्वल्पविरामांच्या इंग्रजीत. ते समजणारं एक माणूस हवंच. पण दुसरं माणूस ते असावं ज्याच्या दारात पाणी शिरलं होतं. तुमच्या सहांत तसं कुणी आहे का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण बहुधा आहे, आणि बहुधा त्याने किंवा तिने स्वतःहून नाव दिलेलं नाही. का दिलं नाही ते जाऊन विचार. दोन आठवडे काम बुडालं तर घरी काय, हा प्रश्न असेल. तसं असेल तर त्या दोन आठवड्यांची मजुरी अंदाजपत्रकात लिहा, तिकिटाच्या शेजारी, न लाजता. हे न लिहिल्यामुळेच दरवेळी तीच ती सुस्थितीतली मुलं परिषदांना जातात आणि इतरांच्या वतीने बोलतात.

आता कंपनी. नाही म्हणा. तीन विरुद्ध तीन असा कौल घेऊ नका, कारण हरलेले तीन जण पुढे वर्षभर मनात धरून बसतील. त्याऐवजी सहाही जण एकत्र बसून एक पान लिहा: कुणाचे पैसे घ्यायचे, कुणाचे नाहीत, एका देणगीदाराकडून एकूण रकमेचा जास्तीत जास्त किती वाटा, निनावी मोठी देणगी घ्यायची का. कंपनीचं नाव त्या पानावर येऊच देऊ नका. पान लिहून झालं की कंपनीचं उत्तर त्यातून आपसूक निघेल, आणि उद्या दुसरं कुणी आलं तरी नव्याने भांडावं लागणार नाही.

मी इतकी ठाम का? 2023 साली दुबईच्या परिषदेत कोळसा, तेल आणि वायू उद्योगांची बाजू मांडणारी 2,456 माणसं नोंदली गेली होती. वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांच्या एका आघाडीने नोंदणीच्या जाहीर यादीतून नावं मोजून हा आकडा काढला. अशा गर्दीत तुमची दोन पोरं छातीवर कोळसा कंपनीचं नाव घेऊन उभी राहिली तर ती कुणाची माणसं म्हणून मोजली जातील? आणि त्या वस्तीतल्या बायकांनी तो फोटो पाहिला तर? पैशाने मिंधं होणं म्हणजे कुणी तोंड दाबतं असं नव्हे. आपणच बोलताना एक शब्द गिळतो, आणि गिळला हे आपल्यालाही कळत नाही. तुमच्यातले जे तीन जण 'घेऊ या' म्हणतात ते लोभी आहेत असं मात्र समजू नकोस. ते दमलेत. तीन महिने दारं ठोठावून दमलेल्या माणसाला एकरकमी पैसा म्हणजे झोप वाटते. दोघांनीच जायचं ठरलं की त्यांचा अर्धा ताण तिथेच उतरेल.

कंपनीला मात्र उत्तर द्या, दोन ओळींचं, सभ्य. देऊ केल्याबद्दल आभार, आमच्या नियमानुसार या क्षेत्रातून देणगी घेत नाही. टोमणा नको. ते पत्र जाहीर करून टाळ्या मिळवण्याचा मोहही नको.

विमानाच्या प्रश्नावर लोकांशी वाद घालू नकोस, कारण प्रश्न खोटा नाही. लांब पल्ल्याच्या एका जाण्यायेण्याचा माणशी कार्बन टनांत मोजावा लागतो. रेल्वेने किंवा बसने जाता येत असेल तर तसं जा, त्यातले दोन दिवस वाया गेले असं समजू नका. जाता येत नसेल तर सांगायचं, की हो, उत्सर्जन होणार आहे, म्हणूनच सहाऐवजी दोघं जातोय आणि दोघांच्या जाण्यातून सहांचं काम काढणार आहोत. काकांनाही हेच सांग. ते चिडून बोलले असतील, पण 'तू जाऊन काय करणार' हाच त्यांचा प्रश्न आहे, आणि तुमच्या पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं.

2019 ची एक हकीकत सांगते, ती खजिनदाराच्या कामाची आहे. त्या वर्षीची परिषद चिलीत व्हायची होती. युरोपातल्या तरुणांचा एक गट विमान टाळायचं म्हणून शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला निघाला. ते समुद्रात असतानाच, परिषदेला महिनाभर उरला असताना, देशातल्या आंदोलनांमुळे चिलीने यजमानपद सोडलं आणि परिषद माद्रिदला गेली. म्हणजे जिथून निघाले त्याच खंडात. स्वीडनची हवामान आंदोलक ग्रेटा थुनबर्गही तेव्हा अमेरिकेत पोचलेली होती. तिला परतीसाठी दुसऱ्या एका शिडाच्या बोटीवर जागा मिळाली आणि तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर ती लिस्बनला उतरली, तोवर परिषद सुरू झाली होती. पुढच्या वर्षी तर महामारीमुळे ग्लासगोची परिषदच वर्षभर पुढे गेली. तेव्हा परत न मिळणारं स्वस्त तिकीट हे स्वस्त नसतं. थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येईल असं काढा, राहण्याची जागा रद्द करता येईल अशी घ्या. आणि राहण्याचं लवकर बघा. 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला खोल्या इतक्या कमी होत्या आणि भाडी इतकी चढली, की यजमानांना पाहुण्यांच्या मुक्कामासाठी मोठी पर्यटन जहाजं आणून उभी करावी लागली. गरीब देशांच्या सरकारी शिष्टमंडळांचीही ओढाताण झाली, तिथे तुमचं काय.

व्हिसाचं एक लक्षात ठेव. पैसे गटाच्या खात्यात आणि अर्ज माणसाच्या नावाने, इथे गाडी अडते. अधिकारी अर्जदाराचं स्वतःचं खातं बघतो आणि ते रिकामं असतं. बॅज देणाऱ्या संस्थेकडून आणि तुमच्या गटाकडून 'खर्च आम्ही करतोय' असं सहीशिक्क्याचं पत्र आधीच तयार ठेवा. आमच्या वेळी एकीचा अर्ज नाकारला गेला तो तिकीट काढून झाल्यावर, आणि ते पैसे बुडाले. देणाऱ्यांना तोंड दाखवताना काय वाटलं ते मला अजून आठवतं. म्हणून पत्रकात पहिल्या दिवसापासून लिहून टाका: जाणं झालं नाही तर पैशाचं काय करणार, जास्त जमले तर काय करणार. हे दोन प्रश्न कुणी विचारायच्या आधी उत्तरं छापलेली असली की विश्वास बसतो.

बाकी हिशेबाचं थोडक्यात. पैसे कुणाच्याही वैयक्तिक खात्यात नकोत, दोघांच्या सहीशिवाय निघू नयेत. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून घ्या, ती थोडी टक्केवारी कापेल, कापू दे. ऑनलाइन वर्गणीची संकेतस्थळंही आपला वाटा कापतात, आणि काहींवर ठरलेलं लक्ष्य पूर्ण झालं नाही तर एकही पैसा हाती येत नाही, सगळा देणाऱ्यांकडे परत जातो. ते आधी वाचा. परदेशातून पैसे येणार असतील तर त्याचे कायदे प्रत्येक देशात वेगळे आणि कडक असतात, एखाद्या हिशेब तपासनिसाला विचारल्याशिवाय एकही रक्कम स्वीकारू नका. मोठ्या संस्था प्रवासखर्च देतात तेव्हा बरेचदा परत आल्यावर पावत्या बघून देतात. ज्याच्याकडे आधी घालायला पैसेच नाहीत त्याला ते परवडत नाही, तेव्हा 'आगाऊ मिळेल का' असं स्पष्ट विचारा. विचारल्यावर मिळाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अडीअडचणीला बाजूला ठेवा. दर आठवड्याला जमा आणि खर्च जाहीर करा, आठवड्यात शून्य जमले असतील तरी शून्य लिहा.

आणि मागे राहणारे चौघं. त्यांच्यावर मी आता जास्त बोलणार आहे, कारण पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की तुम्हा सगळ्यांना परिषद म्हणजेच काम वाटायला लागलंय.

2019 मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या, वानुआतु या बेटांच्या देशातल्या, कायद्याच्या वर्गात 27 विद्यार्थी होते. त्यांच्या बेटांवर समुद्र चढत होता, आणि परिषदांमागून परिषदा होऊन हाती फार काही लागत नव्हतं. त्यांनी विचार केला, जगातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयालाच विचारलं तर, की देशांवर हवामान राखायचं कायदेशीर बंधन आहे की नाही? पॅसिफिकमधल्या सरकारांना त्यांनी पत्रं लिहिली. वानुआतुच्या सरकारने ते उचललं. 29 मार्च 2023 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने तो प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला, आणि 23 जुलै 2025 ला हेगमध्ये न्यायालयाने मत दिलं की हो, देशांवर असं बंधन आहे, आणि ते मोडलं तर त्याचे कायदेशीर परिणाम होतात. वर्गातल्या एका कल्पनेपासून तिथवर सहा वर्षं. त्यातली मुलं परिषदांनाही गेली असतील, पण सुरुवात झाली ती पत्रं लिहिण्यातून, तिकिटातून नव्हे.

तुमच्या चौघांनी त्या 140 मुलाखतींमधून काय निघतं ते चार पानांत मांडावं. 2022 च्या शर्म अल-शेखच्या परिषदेत हानी आणि नुकसान भरपाईसाठी निधी उभारायचं ठरलं. छोट्या बेटांच्या देशांनी तशी मागणी पहिल्यांदा 1991 मध्ये केली होती, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ ती रेटावी लागली. या निधीचे पैसे कुणापर्यंत आणि कसे पोचावेत, हा प्रश्न आजही चालू आहे. पुरात दोनदा घर गेलेल्या बाईला पहिली मदत किती दिवसांनी मिळाली, कुठल्या कागदावाचून अडली, ती कर्ज काढून उभी राहिली का, हे तुमच्या वह्यांमध्ये आहे. ते मोजून मांडलंत तर ऐकणारे भेटतील. परिषदेच्या दिवसांत चौघांनी रोज रात्री त्या दोघांशी बोलायचं, ते जे पाठवतील ते सोप्या भाषेत लिहून देणाऱ्यांना पोचवायचं. तुझी आठवड्याची हिशेबाची नोंद आणि ही नोंद एकाच कागदावर जाऊ दे.

आणखी एक वाट सुचवते. दर जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला याच बोलण्यांची मधली फेरी होते. तिथे कॅमेरे कमी, गर्दी फारच कमी, आणि वर्षअखेरच्या परिषदेत ज्यावर भांडण होतं त्या मसुद्यांची घडण बरीचशी तिथेच होते. दुबईला 80 हजारांहून जास्त माणसं होती. तेवढ्या गर्दीत तुमच्या चार पानांचं काय होईल सांगता येत नाही, बॉनच्या कॉरिडॉरमध्ये मात्र बोलणी करणारा एखादा प्रतिनिधी थांबून वाचेल. यंदा बॅज नाहीच मिळाला तर जमलेले पैसे जूनसाठी ठेवू का, असं देणाऱ्यांना विचारा. परिषदेच्या तोंडावर युवा परिषदही भरते, ती 2005 पासून चालू आहे, आणि तिच्या देशोदेशी स्थानिक आवृत्त्या होतात. तिला पैसे कमी आणि बॅज मुळीच लागत नाही.

या आठवड्यात कामं कुठल्या क्रमाने करायची ते सांगते. आधी बॅजसाठी पत्रं. मग सहा जणांनी बसून ते एक पान लिहायचं. मग कंपनीला दोन ओळी. मग नवं पत्रक. त्यानंतरच फोन. रोज पाच नको, दोन कर, पण नीट कर. पहिला फोन मोठ्या देणगीदाराला लावू नकोस. ज्या माणसाने आधीच थोडे पैसे दिलेत आणि ज्याला तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही, त्याला लाव. त्याच्याकडे पैसे मागू नकोस. एवढंच म्हण:

"तुम्ही दिलेत त्याचा हिशेब सांगायला फोन केलाय. आम्ही सहाऐवजी दोघं जायचं ठरवलंय, आणि का ते सांगते. पाच मिनिटं आहेत का? आणि परत आल्यावर तिथे काय झालं ते सांगायला येईन, तर कधी येऊ ते आत्ताच ठरवून टाकू. मी तारीख लिहून घेते."

तुझी,
ताई